भीतीने दिलेला होकार

नवऱ्याला लिव्हरचा भाग दिला हे कळल्यावर बायका माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघतात. आमच्या सोसायटीतल्या एका मावशींनी तर वटपौर्णिमेला मला वाकून नमस्कार केला. मला तिथल्या तिथे पळून जावंसं वाटलं. मी सावित्री वगैरे नाही. त्या सगळ्या काळात मी घाबरलेली होते, आजही बरीचशी आहे. ज्यांच्या घरात आत्ता कुणाचे तरी डोळे पिवळे झालेत त्यांना हे कुणीतरी सरळ सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. घाबरलेल्या माणसालाही यातून जाता येतं. आम्ही तसेच गेलो.

मी वैशाली. माहेर दापोलीकडचं. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहते आणि इथल्याच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. माझा नवरा हरेश वालीवच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर. त्याचं गाव चिंचोटीजवळ. आई आणि मोठा भाऊ जगदीशदादा तिथे भातशेती बघतात. लग्नाआधी हरेश आमच्या दवाखान्यात इन्व्हर्टर बसवायला आला होता, तशी आमची ओळख. सायली ही आमची एकुलती एक मुलगी.

हरेश पीत होता, रोज. पण त्याने कधी हात उगारला नाही, की कधी गटाराच्या कडेला सापडला नाही. कंपनीतून आला की अंघोळ, मग टीव्हीसमोर ग्लास आणि वाटीत शेंगदाणे. जेवून झोपायचा आणि सकाळी वेळेवर कामाला जायचा. सासूबाई म्हणायच्या, "पितो पन कुनाला तरास नाय." मीही तेच म्हणायचे. आमच्या घरात आवाज नव्हता, त्यामुळे आजार आहे हे कुणाला ऐकूच आलं नाही.

बेसिन

आधी पाय सुजायला लागले. बूट काढला की मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटलेला असायचा. मग पोट वाढलं. पँट कमरेला बसेना आणि दंड मात्र काडीसारखे झाले. एकदा जेवताना सायली म्हणाली, "पप्पा, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." मी ट्यूबलाइटखाली नेऊन बघितलं. खरंच होते.

सासूबाईंनी गावाहून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं. ते दुधातून घ्यायचं, तेलकट बंद, मीठ कमी. हरेशने निमूटपणे घेतलं. संध्याकाळचा ग्लासही घेतला, फक्त थोडा कमी भरून. मला वाटलं, कावीळच आहे, उतरेल.

एका रविवारी सकाळी तो दात घासत होता. आतून वेगळाच आवाज आला म्हणून मी गेले, तर बेसिन रक्ताने भरलेलं. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, हिरडीचं रक्त कसं दिसतं ते रोज बघते. हे ते नव्हतं. हे काळपट, गाठी असलेलं आणि खूप होतं. हरेश बेसिनला धरून उभा होता आणि आरशातून माझ्याकडे बघत होता. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. शेजाऱ्यांची बेल वाजवताना माझं बोट बटणावरून निघतच नव्हतं एवढं आठवतं.

वसईतल्या हॉस्पिटलमध्ये दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या. रक्त थांबलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "दारू किती?"

"रोज थोडी," मी म्हणाले.

"थोडी म्हणजे?"

मग मी खरं सांगितलं. ते सांगताना आपण चोरी पकडून देतोय असं वाटत होतं.

"त्यांचं लिव्हर आक्रसलंय," ते म्हणाले. "ते आता पहिल्यासारखं होणार नाही. दारू आजपासून बंद, एक थेंबही नाही. आणि मुंबईला ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. उशीर करू नका."

मी फक्त मान हलवली. दवाखान्यात घाबरलेले पेशंट माझ्यासमोर बसतात, त्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल. त्या दिवशी मला कळलं की ते वाक्य ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नसणार. डॉक्टरांचे ओठ हलत होते आणि माझ्या कानात फक्त पाण्याचा खळखळाट होत होता. खाली आले, पायरीवर बसले. दापोलीहून आईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "काही नाही, कावीळ आहे."

बाकी सगळ्यांनाही आम्ही बरेच दिवस कावीळच सांगत होतो. कॅन्सर झालेल्याच्या घरी लोक फळं घेऊन येतात. आमच्या घरी आले असते तर आधी प्रश्न घेऊन आले असते.

"मॅडम"

त्या रक्तानंतर हरेशने दारूला हात लावला नाही. सुटताना फार त्रास झाला. हातांचा कंप, घाम, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसणं. नशीब, तेव्हा तो हॉस्पिटलमध्येच होता. हे घरी, आपल्या आपण करायला जाऊ नका, एवढंच सांगते.

मला वाटलं होतं दारू सुटली की माणूस सुधारत जाईल. तो सुधारेना. पोटात पाणी भरायचं, ते सुईने काढायचं, पुन्हा भरायचं. सासूबाई दाराशी बसून विचारायच्या, "एवढा पानी येतंय कुठून?" मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे रक्ताच्या तपासण्या, फोटो, मानसोपचाराचे डॉक्टर, व्यसनमुक्तीच्या समुपदेशक. हरेशला ते न सांगता तपासायचे, दारू घेतलीय का ते. आधी त्याला राग यायचा. नंतर तो स्वतःच बाही वर करून बसायला लागला. पैशांबद्दल मी इथे लिहीत नाही. हॉस्पिटलमध्ये समाजसेवेचा विभाग असतो, तिथल्या ताई ते माझ्यापेक्षा नीट सांगतील. लाज न धरता पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा.

एका दुपारी मी डाळीला फोडणी देत होते. हरेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तो अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, डॉक्टर कधी येणार?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले.

"नाही, मला पुढे दुसरीकडे जायचंय," तो म्हणाला. "मेन स्विच कुठे आहे तेवढं दाखवलंत तरी चालेल."

त्याची नजर माझ्यावर होती आणि तो मला ओळखत नव्हता; आमच्या दवाखान्यात इन्व्हर्टर बसवायला आला होता त्या दिवसात तो परत गेला होता. मी गॅस बंद केला. फोडणी जळाल्याचा धूर घरभर झाला होता. मी त्याचा हात धरायला गेले तर तो दोन पावलं मागे सरकला, परक्या बाईने अंगाला हात लावल्यावर सभ्य पुरुष सरकतो तसा.

लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्यावर एक पातळ, गोड औषध असतं, त्याने जुलाब होतात आणि डोकं साफ होतं. दोन दिवसांनी हरेशने मला नावाने हाक मारली. पण मला रक्तापेक्षा त्या दुपारची भीती जास्त बसली. रक्त तरी दिसतं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्याला उठवून आधी विचारायचे, "मी कोण?" तो हसून सांगायचा. हसण्याआधी जो एक क्षण जायचा तेवढ्यात माझा जीव जायचा.

कोण देणार

मरण पावलेल्या दात्याच्या लिव्हरसाठी नाव नोंदवलं होतं. फोन जवळ ठेवा, रात्री-अपरात्री कधीही बोलावू, असं सांगितलं होतं. मी फोन अंघोळीलाही आत न्यायचे. तो फोन आला नाही. पुढच्या भेटीत सर्जन म्हणाले, "यांच्याकडे वाट बघण्याएवढा वेळ नाही. घरातलं कुणी देऊ शकेल का ते बघा. जिवंत माणसाच्या लिव्हरचा भाग काढता येतो, देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं."

आधी जगदीशदादा आले. तपासणीत त्यांच्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली, आणि तेही पितात. डॉक्टरांनी त्यांनाच औषधं लिहून दिली. परतताना गाडीत ते औषधांची चिठ्ठी घडी घालत आणि उलगडत बसले. सासूबाईंचं वय बसत नव्हतं. राहिले मी. माझा रक्तगट चालत होता, वजन थोडं कमी करायला सांगितलं. तपासण्या एकेक करून पार पडत गेल्या. प्रत्येक वेळी "नॉर्मल आहे" असं ऐकलं की मी तोंडाने "अरे वा" म्हणायचे आणि पुढच्या तपासणीत काहीतरी निघावं असं मनात म्हणायचे.

दापोलीहून माझा भाऊ अनिल आला. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "ताई, प्यायचं त्याने आणि कापून घ्यायचं तू?"

हरेश आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं, कारण टीव्हीचा आवाज थोडा वाढला.

"त्याला आजार आहे, अनिल," मी म्हणाले.

"आजार सगळ्यांना असतात. तुला काही झालं तर सायलीला कोण आहे? तो?"

खरं तर तो बोलत होता ते माझ्याच मनातलं होतं. मी कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं इतकंच.

मग हॉस्पिटलने मला एकटीला बोलावलं. देणाऱ्यासाठी वेगळ्या डॉक्टर असतात, त्यांचा रुग्णाशी संबंध नसतो. या बाई वयस्क होत्या. त्यांनी उठून स्वतः दार लावलं.

"तुम्हाला हे करायचंय?"

"हो."

"इतक्या पटकन हो म्हणणाऱ्यांना मी पुन्हा विचारते," त्या म्हणाल्या. "देणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. थोडा असतो, पण असतो. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? सासरचा? नवऱ्याचा?"

मी नाही म्हणाले. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही. कारण सांगणार नाही. कुणालाही कळणार नाही. अगदी ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा तुम्ही नाही म्हणू शकता."

मला रडू फुटलं. इतके दिवस सगळे मला पुढे कसं जायचं तेच सांगत होते. मागे फिरायची वाट दाखवणारी ही पहिली बाई. मी विचार करायला वेळ मागितला.

घरी येईपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं, नाही सांगायचं. हे लिहिताना हात अडखळतो, पण तसं होतं. हरेश पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता. मी बाजूला बसले.

"परत पिशील?" मी विचारलं.

तो छताकडे बघत राहिला. "माहीत नाही."

मला "नाही" ऐकायचं होतं. खोटं असतं तरी चाललं असतं.

"आत्ता नको वाटते," तो म्हणाला. "वासानेही मळमळतं. पण बरा झालो, पोट नीट झालं, कंपनीत जायला लागलो, तर काय वाटेल ते मला आज कसं कळणार? तू त्यांना नाही सांग, वैशाली. तुझा तुकडा पोटात घेऊन मी परत प्यायलो, तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

मला त्याचा इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले. सायली तिथेच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तू नाही सांग," ती शांतपणे म्हणाली. "मी देते. मी रक्तगट तपासून आलेय, पप्पांचाच आहे माझा. अठरा पूर्ण झालीत, मी कुणाला विचारायची गरज नाही."

माझ्या डोळ्यांसमोर तिचं पोट आलं. लहानपणी न्हाऊ घालताना मी त्यावर फुंकर मारायचे आणि ती खिदळायची, ते पोट. त्या एका क्षणात माझी सगळी भीती उलटी फिरली. ऑपरेशनची, भुलीची, तो परत पिईल याची, सगळी होती तिथेच होती, पण या नवीन भीतीपुढे ती लहान झाली. सकाळी मी त्या डॉक्टरबाईंना फोन केला.

"मी तयार आहे."

"घाबरलात?"

"हो. खूप."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आपण पुढे जाऊ."

लोक विचारतात, एवढं धैर्य कुठून आणलंस? मी आणलं नाही. मी घाबरून हो म्हणाले. प्रेम नव्हतं असं नाही, पण सही करताना हातात पेन धरलं होतं ते भीतीने. तुमच्यावर अशी वेळ आली आणि मनात मोठ्या भावना दाटून आल्या नाहीत, तर स्वतःला खोटं समजू नका.

दोन दरवाजे

ऑपरेशनच्या सकाळी मला आधी नेलं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सायलीच्या हातात दिली. तिने ती ओढणीच्या टोकात बांधली आणि मुठीत धरून ट्रॉलीबरोबर चालत राहिली. हरेश पलीकडच्या खोलीत होता. त्याच्या दाराशी ट्रॉली थांबवली. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला, तो हात पिवळा आणि गार होता. मी म्हणाले, "चष्मा सायलीकडे दे." तो म्हणाला, "दिला."

लिफ्टसमोर अनिल उभा होता. येणार नाही म्हणाला होता, तरी दापोलीहून निघून आला होता. वॉर्डातल्या नर्सनी माझ्या पायांत घट्ट पांढरे मोजे चढवले होते, त्यातला एक पिळला गेला होता. अनिलने वाकून तो सरळ केला. मग सायलीच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा राहिला. माझ्या माहेरने मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ती मला सर्वांत मोठी वाटते.

आत खूप थंडी होती. छतावरचे दिवे बघत मी मनात सायलीचं नाव घेत होते. देवाचं घ्यायला हवं होतं हे नंतर सुचलं.

जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि पोटावर कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटत होतं. बोलता येईना. मी नर्सच्या हातावर बोटाने अक्षर काढलं, "ह". ती केरळची होती, तिला मराठी येत नव्हतं, पण तिला तेच अपेक्षित असावं. "सर अंदर हैं, ऑपरेशन चालू है, सब ठीक," ती म्हणाली आणि माझ्या ओठांवर ओला कापूस फिरवला. पाण्याची ती चव मी विसरणार नाही.

बाहेर सायली दोन बंद दरवाजांसमोर दिवसभर बसून होती. एकामागे आई, दुसऱ्यामागे बाप. ती त्याबद्दल फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मला सारखं वाटायचं, डॉक्टर बाहेर आले तर कुठल्या दरवाजातून यावेत."

माझं दुखणं मोठं होतं, पण सरळ होतं. रोज थोडं कमी व्हायचं. खोकताना उशी पोटाशी दाबून धरायची, श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातले चेंडू श्वास ओढून वर उचलायचे, धरून धरून चालायचं. चालता यायला लागल्यावर मला हरेशच्या आयसीयूच्या काचेपर्यंत नेलं. तो नळ्यांच्या जाळ्यात झोपला होता. मी काचेवर टकटक केलं. त्याने डोळे उघडले. ते पांढरे होते. किती दिवसांनी मी त्याच्या डोळ्यांत पांढरा रंग बघत होते. मी तिथेच भिंतीला टेकून रडले आणि रडताना टाके दुखले म्हणून अजून रडले.

मला वाटलं, संपलं. मी घरी आले, आणि तिकडे त्याला ताप भरला. रक्ताचे आकडे बिघडले. सर्जनने फोनवर सांगितलं, "शरीर नवीन लिव्हर नाकारतंय. असं होऊ शकतं, औषधाचा डोस वाढवतोय." नाकारतंय, हा शब्द मी पोटावरच्या पट्टीवर हात ठेवून ऐकला. मला वेड्यासारखं वाईट वाटलं, जणू त्याच्या अंगाने मलाच घराबाहेर काढलं. पुन्हा तोच फोन अंघोळीला आत नेणं सुरू झालं. सायली मुंबईला जाऊन यायची आणि दारातून आत येतानाच नाही अशी मान हलवायची, म्हणजे तिचे बूट काढून होईपर्यंत मला वाट बघायला नको. एका दुपारी तिने येऊन मान हलवली नाही, हसली. आकडे उतरायला लागले होते.

वास

हरेश घरी आला तेव्हा आमचं घर दवाखान्यासारखं झालं होतं. उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क, ठरलेल्या वेळी गोळ्या, बाहेरचं कुणी आत नाही. सासूबाई चिंचोटीहून आल्या आणि उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. आत यायचं नाही हे त्यांना पटलं होतं, पण जायचंही नव्हतं. तिथूनच त्यांनी मला जवळ बोलावलं. मी मास्क लावून गेले.

"तो झाडपाला मी आनला," त्या म्हणाल्या. "त्यानं तर नाय ना झाला?"

मी म्हणाले, "नाही आई, आधीपासूनच होतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्या इतके महिने हे पोटात घेऊन बसल्या होत्या. घाबरण्यात मी एकटी नव्हते, हे मला त्या उंबरठ्यावर कळलं.

हरेश सुधारला. गालांवर मांस चढलं, भूक लागायला लागली, तो चिडायलाही लागला. आणि तो जसजसा बरा होत गेला तसतशी माझी नवी भीती वाढत गेली. तो कंपनीत जायला लागल्यावर मी रात्री झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकून वास घ्यायला लागले. सुट्टीच्या दिवशी तो भाजी आणायला गेला तरी आला की आधी जवळ जायचे, काहीतरी निमित्त काढून. कॉलरला काय लागलंय, केसात काय आहे.

एकदा त्याने डोळे मिटूनच म्हटलं, "वास घेतेस?"

मी मागे सरकले.

"घे," तो म्हणाला आणि तोंड उघडलं. मला ओशाळल्यासारखं झालं, पण मी वास घेतला. फक्त गोळ्यांचा कडवट वास होता.

समुपदेशक ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही पोलीस होऊ नका. त्यात तुम्ही दोघंही थकाल." मी हो म्हणाले. जमलं नाही. अजूनही पूर्ण जमत नाही.

हळद

यंदा जगदीशदादांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. मांडवात बेंजोचा बँड, बायकांची गाणी, आणि घराच्या मागच्या बाजूला पुरुषांची बैठक. तिथे काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं. मी हरेशला म्हणाले, "नको जाऊ या. तब्येतीचं सांगू." तो म्हणाला, "माझ्या भावाची मुलगी आहे. किती दिवस लपायचं?"

आम्ही उन्हं उतरताना पोहोचलो. मला बायकांनी हळद लावायला पुढे ओढलं. हरेश मागच्या अंगणाकडे गेला. पडवीच्या खिडकीतून ते अंगण दिसत होतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझे दोन्ही हात हळदीने माखलेले होते. हरेश खुर्चीवर बसला होता, हातात भजीची प्लेट. त्याचा एक चुलतभाऊ ग्लास घेऊन आला.

"घे रे जराशी," तो म्हणाला. "आता तर नवीन लिव्हर हाय. वहिनीचा हाय, पक्का माल."

सगळे हसले. हरेशही हसला. ग्लास त्याच्या समोरच्या स्टुलावर ठेवला गेला. हरेशने प्लेट खाली ठेवली.

मी उठले नाही. उठता आलं नाही. माझ्या बाजूला बायका गात होत्या, नवरीच्या गालाला कुणीतरी हळद लावत होतं, आणि मी त्या स्टुलाकडे बघत होते. मला तेव्हा जे वाटलं ते ऑपरेशन थिएटरमध्येही वाटलं नव्हतं. तिथे निदान डॉक्टर होते.

हरेश उठला. क्षणभर मला तो दिसेनासा झाला. मग पडवीच्या दारातून आत आला, चपला हातात घेऊन, बायकांच्या मधून वाट काढत. काही जणी हसून बाजूला झाल्या. पुरुषाने इथे यायचं नसतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैशाली, घरी चल," तो म्हणाला. "मला इथे भीती वाटतेय."

तो हळू बोलला नव्हता. आसपासच्या बायकांनी ऐकलं. गाणं थांबलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, रक्ताच्या उलट्या झाल्या, पोट फाडून झालं, पण हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी एका मुलीला हाक मारून माझे हात धुवायला तांब्या आणायला सांगितला. मग हरेशला म्हणाल्या, "जा पोरा. उद्या लगीन हाय, तवा ये. सकालचा ये."

आम्ही मुख्य रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. बेंजो पुन्हा सुरू झाला होता. हरेशने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून ते लपवत नव्हता. माझ्या नखांत हळद राहिली होती. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, कारण उद्या पुन्हा लग्न होतं आणि परवा पुन्हा कुठलातरी दिवस. पण इतकी वर्षं मी त्याच्यासाठी एकटीने घाबरत आले होते. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत शेजारी शेजारी उभे होतो.

रिक्षा आली. "एव्हरशाईन," तो म्हणाला, आणि आत सरकून त्याने मला जागा करून दिली.